येळवसाला ठेवलेली परिषद

लातूर,
६ नोव्हेंबर २०२५

ती. आजीस हरिओमचा साष्टांग नमस्कार.

तुझ्या कानांना फोन ऐकू येत नाही, आणि काकाच्या मोबाईलवर काही पाठवलं की आधी सगळं घर वाचतं. त्यापेक्षा हे पाकीट बरं.

आधी आईचं सांगतो. परवा मुंबईहून आलो. तिचा रक्ताचा आजार आता गोळ्यांनी थांबणार नाही, हाडातला मगज बदलावा लागेल, असं तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. माझा मगज तिला चालतो का ते तपासलं. चालतो. आता दाखल करून घ्यायची तारीख तेवढी मिळायची आहे. खाट रिकामी झाली की फोन करतील. फोन लवकर आला तर आई वाचेल, उशिरा आला तर सांगता येत नाही. त्यांनी सरळच सांगितलं, मीही तुला सरळच लिहितो.

दवाखान्याबाहेर फुटपाथवर चटया टाकून माणसं बसलेली असतात. नुसत्या बोलण्यावरून मला कळत होतं, हा देगलूरचा, ही बाई परळीकडची. आजारी माणसाला एवढ्या लांब का यावं लागतं? नोकऱ्या तिकडं, कारखाने तिकडं, दवाखानेही तिकडंच. तिथं चटईवर बसल्या बसल्या माझं ठरलं. मराठवाडा वेगळा झाला पाहिजे. आपलं राज्य, आपली राजधानी, हाकेच्या अंतरावर.

लातूरला त्यासाठी परिषद होऊन राहिली, १९ डिसेंबरला. समितीत मला घेतलंय. नांदेडचे रेणुकादास सर आहेत, अध्यक्ष संभाजीनगरचे आहेत. निजामाचं राज्य मोडून तीन तुकडे झाले तेव्हा तुझी शाळा कशी सुटली, ते मी त्यांना सांगितलं. सगळे म्हणाले, आजींना मंचावर आणा. येशील ना? पाच मिनिटं बोल. शिव्या सोडून काहीही बोल.

आई तुला नमस्कार सांगते.

तुझा,
हरिओम


कार्तिक वद्य एकादशी

चि. हरिओमास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचता वाचता तव्यावरची भाकर करपली. मनिषा म्हणली, "आत्याबाई, ध्यान कुठं हाय?" म्या म्हणलं, "लातूरला." तिनं दुसरी भाकर थापायला घेतली. तुझ्या काकानं बायको तेवढी अकलेची केली.

तारीख आली की आधी ते कळव. राज्याबिज्याचं मागून.

आता परिषदेचं. हा दिवस कोणत्या शहाण्यानं काढला? त्या दिवशी येळवस हाय. वेळ अमावस्या! लातूर जिल्ह्यातलं कुत्रंसुदिक त्या दिवशी गावात थांबत न्हाई, सारं रानात असतंय. दुकानं बंद, कचेऱ्या बंद. तुमच्या अध्यक्षाकडं येळवस करत न्हाईत, इकडं भोकरकडंबी न्हाई करत. आपल्याच मुलखातला सण ज्यांना ठावं न्हाई ते म्हणं मुलूख चालवणार.

म्या मंचावर येणार न्हाई. बोलायचं ते इथंच लिहिते.

माझं माहेर देवणीच्या पलीकडं. देवणीच्या बाजाराला आम्ही बैलगाडीत यायचो. म्या चौथीत होते. एक दिवस गुरुजी म्हणले, "उद्यापासून आपण म्हैसूर राज्यात." आम्ही पोरींनी इचारलं, "गुरुजी, गाडी किती वाजता निघणार?" आम्हांला वाटलं, साऱ्या गावाला उचलून नेऊन राहिले. गाव तिथंच राहिलं. गुरुजी निलंग्याचे, ते निघून गेले. दुसरे आले ते कानडी. माणूस भला होता, माझा हात धरून पाटीवर अक्षर काढायचा. पण ते अक्षर घरात कुणालाच वाचता येईना. बापानं शाळेतून नाव काढलं, शेण भरायला लावलं, अन् पुढं लग्न करून इकडं कंधारच्या अंगाला दिलं. एवढीच गोष्ट. ह्यात मुंबईनं माझं काय वाकडं केलं ते मला सापडत न्हाई.

अन् रेघ मारली तरी राजधानी कुठं करणार? लातूरला केली तर नांदेडवाले लातूरचं तोंड पाहतील का? नांदेडला केली तर लातूरवाले तिकडं लेक तरी देतील का? संभाजीनगरला केली तर तुझ्या दारापासून ती निम्म्या मुंबईएवढी लांब.

तुझ्या आईला येळवसाला घेऊन ये. माझा थोरला वैजनाथ, तुझा बाप, गेल्यावर तिनं चूल वेगळी केली, तुला घेऊन लातूरला गेली, मेस काढली. तवापासून बारा वर्षं तिचा पाय ह्या शिवाराला लागला न्हाई. ती गेली तवा घर मोडलं म्हणून म्या बोलले ते बोलले, माघारी घेत न्हाई. पण म्या ये म्हणते तर तिनं यावं.

केवळाबाई


लातूर,
२२ नोव्हेंबर

ती. आजीस सा. न.

तारीख अजून नाही. आई तशी बरी आहे. मेसची पोरं भाजीत मीठ कमी म्हणाली तर "जा, नांदेडला आपल्या मायकडं जाऊन खा" म्हणते. म्हणजे बरीच म्हणायची.

बैठकीत येळवसाचं सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, "अमावास्या तर दर महिन्याला असते." मी समजावलं, कडब्याची कोप, म्हणजे खोपटं बांधतात, आत पाच दगडांचे पांडव मांडतात, आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे घेऊन सगळं गाव रानात जातं. ते म्हणाले, "वा! मग दुपारी जेवायला तेच ठेवा." रेणुकादास सर म्हणाले, सभागृह ठरलं, पत्रिका छापल्या, आता बदल नाही. मग राजधानीचा विषय निघाला आणि दिवस तिथंच मावळला. लातूरचे एका कोपऱ्यात गेले, नांदेडचे दुसऱ्या. एकजण बिचारा म्हणाला, "मधोमध अहमदपूरला करा की." त्याला दोघांनी मिळून खाली बसवलं. तेवढं एकच काम एकमतानं झालं.

हसून घे. पण तुझ्या गोष्टीचा मी वेगळा अर्थ लावतो. म्हैसुरात जाता का, असं तुला कुणी विचारलं नव्हतं. तुझ्या बापाला नाही, गुरुजींना नाही. इकडच्यांना मुंबईच्या राज्यात घातलं तेव्हाही दारोदार कुणी विचारत आलं नाही. मला विचारलेलं पाहिजे, आजी. एवढं मोठं राज्य. विदर्भाचं मन एकीकडं, कोकणाचं दुसरीकडं, ऊसवाल्यांचं आणखी तिसरीकडं. एवढ्या मोठ्या घरात धाकट्याच्या ताटात उरलेलं तेवढं पडतं.

रागावू नको, पण आईनं चूल वेगळी केली म्हणून मी शिकलो. एकत्र राहिलो असतो तर आज काकाची म्हसरं राखत असतो.

आई म्हणते, "आत्याबाईंना सांग, येळवसाला येते." सकाळी परिषदेत तोंड दाखवतो आणि दुपारी तिला घेऊन तुझ्या रानात येतो.

हरिओम


मार्गशीर्ष शुद्ध एकादशी

चि. हरिओमास आशीर्वाद.

म्हसरांचं वाचलं. तुझ्या साहेबराव काकाला दावलं न्हाई. तुझ्या आजोबानं अंथरूण धरलं तवा तुझ्या काकानं म्हसरं राखूनच त्याला अखेरपर्यंत दूध पाजलं, तेवढं ध्यानात ठेव. तू शिकलास ते बरं झालं. ते म्या कधी वाईट म्हणलं न्हाई.

"आई तशी बरी आहे" लिहितोस. तशी म्हंजी कशी? जेवते किती, चालते किती, ते लिही. तू गोलगोल लिहायला लागलास की मला तुझा बाप दिसतो. पडून गुडघा फुटला तरी "काय न्हाई, काय न्हाई" करत घरात यायचा अन् उंबऱ्यावर रगत.

कोप बांधायला घेतली. कडबा औंदा बुटका हाय, साहेबराव म्हणतो वाकून आत जावं लागेल. म्या म्हणलं, देवापुढं वाकायला तुझ्या बापाचं काय जातंय? पाच दगड धुऊन ठेवले, चुना लावायचा राहिलाय. आंबिलीचं मडकं नवं आणलं. भज्जीला हरभरा, वाल, तूर, सारी हिरवी दाणं रानातलीच. तुझ्या आईला भज्जीत आंबट चुका लई लागतो, ते मला ठावं हाय. बांधाला लावलाय.

पूजा झाल्यावर आपण कोपीभवती फिरत कानडी बोल म्हणतो, ते तुला आठवतं का? त्याचा अर्थ आमच्यात कुणालाच येत न्हाई. माझ्या माहेरीबी त्याच दिवशी तेच बोल म्हणतेत, कर्नाटकात. इथलं कुणी त्यांना म्हणत न्हाई की आमचा सण माघारी द्या. तुमच्या समितीला ही गोष्ट सांग, राजधानीचं भांडण झाल्यावर येळ उरला तर.

तुझ्या आईला सकाळच्याच गाडीनं पाठव. परिषद तुझी, तिची न्हाई. अहमदपुरात साहेबराव मोटारसायकल घेऊन उभा राहील.

केवळाबाई


येळवसाच्या दुसऱ्या दिवशी

हरिओम,

काल दिवस मावळेपर्यंत कोपीच्या तोंडाशी बसले. साहेबराव अहमदपूरच्या स्टँडवर तीन गाड्या पाहून हात हालवत आला. सारं शिवार जेवून हुरडा भाजायला लागलं तरी म्या कुणाला ताटाला हात लावू दिला न्हाई. मनिषाची पोरं भुकेनं रडली तवा वाढलं. उरलेली आंबील वाटेनं जाणाऱ्यांना दिली.

तुला फोन लावला तर बंद. तुझ्या आईचा बंद. मग साहेबरावानं मोबाईलवर फोटो दावला. तुमची परिषद. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत खुर्च्या मोकळ्या, मंचावर आठ-दहा शहाणे हार घालून बसलेत, मागं एवढा मोठा फलक अन् त्याच्यावर तुझं नाव. मंचावर कोण कोण ते दिसत न्हाई, हार तेवढे दिसतेत. त्यातला एक तुझा असंल.

आजारी माय घरात टाकून तू मोकळ्या खुर्च्यांपुढं भाषण करून राहिलास? तिला एकटीला तरी गाडीत बसवायचंस. तिनं येते म्हणलं होतं. बारा वर्षांनी ती येते म्हणली होती.

आग लाव तुझ्या राज्याला. मला पत्र पाठवू नको.

केवळाबाई


मुंबई,
२८ डिसेंबर

ती. आत्याबाईंस उज्वलाचा शिरसाष्टांग नमस्कार.

मी पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. चुकलं तर सांभाळून घ्या.

येळवसानंतरचं तुमचं पत्र लातूरच्या घरी आलं. शेजारच्या विशाखाला मी किल्ली देऊन आले होते, तिनं फोटो काढून हरिओमच्या मोबाईलवर धाडला. त्यानं वाचला आणि मोबाईल खिशात घातला. दिवसभर नीट जेवला नाही, तेव्हा मी मागून घेऊन वाचलं.

तो परिषदेला गेला नाही, आत्याबाई. येळवसाच्या दोन दिवस आधी दवाखान्याचा फोन आला, खाट मिळाली, ताबडतोब या. आम्ही तसेच निघालो. फलकावरचं नाव आधीचं छापलेलं. तुम्हांला सण झाल्यावर कळव, असं मीच त्याला सांगितलं. म्हणलं, त्यांनी कोप बांधली असेल, साहेबरावभाऊजी कडबा कापून बसले असतील, तेवढं गोड होऊ दे. तुम्ही आमची वाट पाहत बसाल, हे त्या घाईत सुचलं नाही. इथं आत मोबाईल बंद ठेवावे लागतात. चूक झाली असेल तर माझी. त्याला बोलू नका.

आता खरं लिहिते. हा फोन आधी यायला पाहिजे होता. आल्या आल्या मला ताप भरला. डॉक्टरीणबाई म्हणतात, ताप उतरल्याशिवाय मगज घालता येणार नाही. ताप उतरायला तयार नाही. हरिओम तुम्हांला "तशी बरी" लिहितो. मी तेव्हाही तशी नव्हते.

चूल वेगळी केली ते तुमच्यावर रागावून नाही. हे गेल्यावर त्या घरात सगळे माझ्याशी हळू बोलायचे. मला वाटलं, पोरगं असंच हळू बोलत मोठं होईल. लातूरला खोली घेतली त्या दिवशी मी तिला कुलूप लावलं, काढलं, परत लावलं. काम काही नव्हतं. माझ्या नावाची किल्ली पहिल्यांदा हातात आली होती. पहिला ताप आला तेव्हा मात्र तीच किल्ली घेऊन बसले, ही आता कुणाला द्यावी म्हणून. विशाखा नंतर राहायला आली.

हरिओम मला विचारतो, आई, राज्य वेगळं पाहिजे का नको? मी म्हणते, तुझ्या आजीला विचार, मला वेगळं राहायची तेवढी माहिती आहे.

चुका अजून बांधाला असेल तर उपटू नका.

तुमची,
उज्वला


पौष, पुनवेच्या दुसऱ्या दिवशी

चि. उज्वला, आशीर्वाद.

तुझं अक्षर चांगलं हाय. माझ्यापेक्षा चांगलं हाय. लिहीत जा.

हळू बोलायचो ते खरं हाय. तुझ्यापुढं मोठ्यानं हसावं का न्हाई ते कुणालाच कळत नव्हतं. मलाबी.

येळवस एकाच दिवशी येते असं कुणी सांगितलं? कोप उभी ठेवलीय. साहेबराव मोडायला निघाला होता, म्या हाकलला. गुरांना दुसरा कडबा घाल म्हणलं. ताप उतरला, मगज बदलला, की माघात ये. फाल्गुनात ये. पांडव काय कुठं जात न्हाईत, दगडाचे हायत. किल्ली विशाखाकडंच ठेव, पोरगी चांगली दिसते.

चुका उपटला न्हाई.

हरिओमाला जेव म्हणावं. मगज त्याचा घ्यायचाय.

केवळाबाई


लातूर,
१२ जानेवारी २०२६

ती. आजीस,

काकानं तुला सांगितलंच आहे. आई शुक्रवारी गेली.

तुझं पत्र तिला वाचून दाखवलं होतं. दोनदा वाचायला लावलं. "पांडव दगडाचे हायत" इथं हसली. मग म्हणाली, "आत्याबाईंचं अक्षर तिरकं व्हायला लागलंय, त्यांचे डोळे दाखवून आण."

तिला इकडं आणता आलं नाही. मी एकटा होतो, गाडीनं पूर्ण दिवस लागला असता, तिथले लोक म्हणाले इथंच उरका. उरकलं. काका गाडी करून निघाला होता, तो पोचला तेव्हा मी अस्थी घेऊन दवाखान्याच्या दाराशी बसलो होतो. काका माझ्याजवळ येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "लई लांब हाय रे." तेवढंच. मग दोघं परत आलो.

आता दोन गोष्टी विचारायच्या आहेत. काका म्हणतो तेरावा गावाकडं व्हावा, भावकी तशीच म्हणते. मला काही सुचत नाही.

दुसरं, काल समितीचे लोक भेटायला आले. रेणुकादास सर रडले, खरोखर रडले. पुढच्या महिन्यात नांदेडला दुसरी परिषद घ्यायची म्हणतात. मंचावर आईचा मोठा फोटो लावायचा, खाली लिहायचं, मुंबईच्या वाटेवर गेलेली मराठवाड्याची माय. म्हणाले, भाषणांनी जे होत नाही ते या फोटोनं होईल. कदाचित होईलही. मी फोटो काढून ठेवलाय. द्यावा वाटतो, म्हणजे तिचं जाणं कशाच्या तरी कामी येईल. द्यायला हात मात्र होत नाही.

तू सांगशील तसं करतो.

हरिओम


संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी

चि. हरिओमास आशीर्वाद.

मनिषा दोन दिवस रडली. म्या रडले न्हाई. माझं रडणं वैजनाथाच्या वेळंला झालं, नंतर आलंच न्हाई. तू माझ्यासाठी म्हणून रडायचा थांबू नको.

येळवसानंतरचं माझं पत्र असंल तर फाडू नको. त्या दिवशी मला तसंच वाटलं होतं.

फोटो देऊ नको. तुझे सर रडले ते खोटं न्हाई, पण उद्या त्या फोटोखाली राजधानीचं भांडण लागंल अन् तुझी आई ऐकत वर बसंल. तिचा जीव एका खाटेसाठी गेला. खाट मागायची तर माग. लातूरला माग, नांदेडला माग, दोन्हीकडं माग. त्याला राज्य लागत असंल तर तेबी माग, म्या आडवी येत न्हाई. आधी म्या नको नको म्हणत होते, आता मला नको म्हणवत न्हाई. पाहिजे असंबी म्हणवत न्हाई. माझी एक रेघ पाहून झालीय. साहेबराव पोचेपर्यंत राख झाली होती, एवढं लांब कुणाचं काही असू नये, एवढं मला कळतं. ते कसं करायचं ते तुम्ही शिकलेल्यांनी पाहा, तुझ्या आईला त्यात ओढू नका.

तेरावा लातूरला कर. भावकी काय म्हणायची ती म्हणू दे, भावकीचं तोंड म्या पाहते. ते घर तिनं उभं केलं, तिचं सारं त्याच घरात व्हायचं. मेसची पोरं पंगतीला आधी बसव, मग आमची माणसं. त्या पोरांची परीक्षा जवळ आली असंल. त्यांचा डबा बंद पडू देऊ नको. मनिषाची भाजी तिखट असते, पण माणूस मरत न्हाई. चार दिवस तिला घेऊन येते.

साहेबराव म्हणतो, गाडी थेट दारापर्यंत जाते. तरी तू स्टँडवर ये. तुझ्या घराचा पत्ता म्या इतकी वर्षं पाकिटावर लिहीत आले, गल्ली, नंबर, पिन सारं तोंडपाठ हाय. पण स्टँडवर उतरल्यावर डाव्या हाताला वळायचं का उजव्या, ते मला ठावं न्हाई.

केवळाबाई